डोहातलं पाणी मोजत

निघण्याआधी

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या नाल्यात एक डोह होता. हत्तीडोह म्हणत त्याला. मे महिन्यात अख्ख्या नाल्याची रेती भाजून निघायची, तेव्हाही तिथे माझ्या वडिलांच्या छातीपर्यंत पाणी असायचं. काठावर उंबर, जांभूळ, करंज. आम्ही पोरं तळाचे गोटे उलटवायचो, तर खालून पट्ट्यापट्ट्यांचे बोटाएवढे मासे सुळकन पळायचे. पुढे नाल्याचं खोलीकरण झालं. यंत्रं आली, वळणं सरळ झाली, उथळ जागा खरवडल्या गेल्या, डोह बुजला. आता नाला एका मापाचा आहे. पावसाळ्यानंतर पाणी थांबतं, शेजारच्या विहिरींना त्याचा उपयोगही होतो, हे मी नाकारत नाही. पण ते पट्ट्यांचे मासे गेले.

मी ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मासे का गेले, याचं उत्तर वर्गात मला एका वाक्यात देता येतं. नदीकाठी उभी राहून ते एकदा पाहायचं होतं. नकाशा काढला तेव्हा लक्षात आलं की विदर्भातली तीन नावं स्वतःच डोह सांगतात : मेळघाटातला सेमाडोह, पेंचवरचा तोतलाडोह आणि गोंदिया जिल्ह्यातला इटियाडोह. त्यातल्या दोघांवर आज धरण आहे. बारावी झालेला भाचा रिकामाच होता. एक थर्मामीटर, तीस हात दोरी आणि काचेची एक बाटली घेऊन आम्ही वैशाखात निघालो.

बाटलीचं सांगायला हवं. खोल पाण्याचं तापमान घ्यायला नुसता थर्मामीटर सोडला तर वर येता येता आकडा बदलतो. म्हणून बाटलीला दगड बांधायचा आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाशी गेली की बुचाची दोरी ओढायची, म्हणजे तळाचंच पाणी भरतं. वर आल्याबरोबर थर्मामीटर आत घालायचा. भाच्याने हे सगळं घरच्या टाक्यात दोनदा करून पाहिलं होतं.

पहिला दिवस : परतवाडा ते सेमाडोह

परतवाड्याहून एसटी घाट चढू लागली की खिडकीतून येणारी वाफ जराशी उतरते. साग पानगळून उभा होता. नाले बहुतेक कोरडे, काळ्या बसाल्टच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या. पण दोन वळणांवर कोरड्या पायरीच्या खालच्या अंगाला ओल दिसली, आणि ओलीखाली हात-दोन हात लांबीचं डबकं. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत. दोन थरांच्या सांध्यातून, भेगांतून मुरलेलं पाणी असं कुठेतरी बाहेर येतं. ही ओल फार महत्त्वाची आहे, भाच्याला मी म्हटलं. तो पुढच्या सीटवरच्या बाईंच्या कोंबडीकडे बघत होता.

सेमाडोहला पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. सिपना नदी गावाला लागूनच वाहते. सिपना म्हणजे कोरकूत साग. माशाला कोरकूत 'काकू' म्हणतात, हेही त्या रात्री जेवताना कळलं. वाढणाऱ्या ताईंना भाचा अर्धा तास शब्द विचारत बसला होता.

दुसरा दिवस : कोलकासची सिपना

मेळघाट 1973-74 साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. इथे जाळं टाकता येत नाही, गळही नाही. आम्हाला ते करायचंही नव्हतं. परवानगी घेऊन, वनरक्षक दादांच्या सोबतीने काठावरूनच बघायचं ठरलं. दादा कोरकू, आमच्याशी वऱ्हाडीत बोलत होते.

"मॅडम, दुपारी काही दिसनार नाही. आताच या. मासे उन्हाच्या आधी वर असते, मग खाली जाते."

सकाळचे सहा. कोलकासच्या वळणावर सिपना मे महिन्यात सलग वाहत नाही. डोह, मग गोट्यांतून झिरपणारी बोटभर धार, मग पुन्हा डोह. धारेतल्या पाण्याचं तापमान 24 अंश, डोहाच्या वरच्या पाण्याचं 26. म्हणजे पहाटे उथळ पाणी डोहापेक्षा गार होतं. भाच्याला हे उलटं वाटलं. उथळ पाणी रात्री उघड्या आकाशाखाली झटकन निवतं आणि दिवसा झटकन तापतं. डोहाला दोन्हीची घाई नसते.

दादांनी सांगितलं तसे आम्ही एका दगडाआड पालथे पडून राहिलो. दहा मिनिटांनी पाणी जणू उघडलं. धारेतल्या गोट्यांवर हिरवट-काळे, बोटभर लांब मासे पोटाने चिकटून बसले होते. हा गारा. त्याच्या खालच्या ओठाची चकती झालेली असते, तिने तो दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्याच्या खाली, गोट्यांच्या फटीत, मिशा असलेले पट्टेरी मासे. माझ्या हत्तीडोहातले! पंचवीस वर्षांनी ते दिसले आणि मला काही क्षण बोलता आलं नाही. धार डोहात पडते तिथे, पाण्याच्या मध्यावर, तोंड प्रवाहाकडे करून सडपातळ चंदेरी मासे एका रांगेत तरंगत होते : वरून पडणारा किडा टिपायचा, पुन्हा आपल्या जागी. काठाच्या संथ पाण्यात पुंटियस नावाच्या छोट्या माशांचे थवे. आणि खोलवर, जांभळाच्या सावलीत, एकदाच, मोठ्या खवल्यांची एक सोनेरी कूस उलटली. दादा कुजबुजले, "महाशीर."

दहा पावलांच्या आत पाच प्रकारचे मासे, आणि कोणी कोणाच्या जागेत नाही. प्रवाहात राहणाऱ्याचं अंग निमुळतं, तळाशी राहणाऱ्याचं पोट चपटं, संथ पाण्यातल्याचं शरीर उंच आणि आखूड. मासा हातात दिला तर त्याची जागा सांगता येते, असं मी मुलांना शिकवते. इथे जागा दाखवली तर मासा सांगता येत होता.

दुपारी दोनला पुन्हा मोजलं. बोटभर धार : 34 अंश. डोहाचा पृष्ठभाग : 31. डोहाच्या तळाची बाटली : 27. आणि डोहाच्या वरच्या टोकाला, कातळाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं तिथे : 25. भाचा वहीकडे बघतच राहिला. एका हाकेच्या अंतरात नऊ अंशांचा फरक.

जमिनीखालचं पाणी साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं असतं. म्हणून वैशाखात ते गार लागतं आणि पौषात कोमट. विहिरीवर अंघोळ केलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. नदीत मात्र याच पाण्यावर माशांचा उन्हाळा निघतो. माशाच्या रक्ताला स्वतःचं तापमान नसतं, पाण्याचं तेच त्याचं. पाणी 10 अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा खर्च दुपटीच्या घरात जातो, काहींचा त्याहून जास्त. खर्च वाढला की प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तोच तापलेल्या पाण्यात कमी असतो : 25 अंशांना एका लिटरमध्ये 8.3 मिलिग्रॅम विरघळू शकतो, 35 अंशांना सातच्याही आत. गरज दुप्पट, पुरवठा कमी. त्यात पाणी थांबलेलं आणि शेवाळाने भरलेलं असेल तर पहाटे आणखी वाईट, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायूच ओढत असतं. आटत्या डबक्यात मासे पहाटे तोंड वर काढून आचके देताना आपण पाहतो, ते यामुळे.

दुपारी गारा धारेत नव्हता. सगळे डोहाच्या वरच्या टोकाला, झिरपणीजवळ दाटीवाटीने होते. पट्टेरी दिसलेच नाहीत, गोट्यांखाली खोल गेले असणार. दादा म्हणाले, "मानसं नाही का सावलीत बसत? तसंच हे."

काठाच्या झाडांकडे मी त्या दिवशी वेगळ्या नजरेने पाहिलं. जांभूळ, अर्जुन, उंबर ही झाडं उन्हाळ्यातही हिरवी राहतात, वरचा साग उघडाबोडका असतो तेव्हा. नदीला सावली हवी असते त्याच महिन्यांत ही झाडं ती देतात. त्यांची मुळं काठ धरतात, मुळांखाली कपारी होतात, पडलेली पानं किडे खातात, किडे मासे खातात.

तिसरा दिवस : रेल्वेत

परतवाड्याहून बडनेरा, तिथून गोंदियाची गाडी. दिवसभर प्रवास, लिहिण्यासारखं थोडं. भाच्याने विचारलं की हे सगळं फक्त आपल्याच नद्यांत का? त्याला सांगितलं ते इथे टिपते.

युरोपात मार्सेल ह्युए नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञाने 1949 साली नदीचे पट्टेच माशांच्या नावाने पाडले : वर ट्राउटचा, मग ग्रेलिंगचा, मग बार्बेलचा, खाली ब्रीमचा. उतार आणि पात्राची रुंदी बघायची आणि मासा सांगायचा. ट्राउटला 20 अंशांपुढचं पाणी सोसवत नाही. आपल्याकडे 20 अंश म्हणजे डिसेंबरातली सकाळ, त्यामुळे तो नकाशा जसाच्या तसा आणून चालत नाही. आपल्या नदीत प्रश्न डोंगरावरून सपाटीवर किती तापतं एवढाच नाही. मे महिन्यात आसरा कुठे उरतो, हा आहे.

आणि सावलीचं : अमेरिकेत ओरेगॉनच्या किनारी डोंगरात एका लहान ओढ्याकाठचं जंगल सरसकट तोडलं, तेव्हा वर्षभरात त्याचं सर्वोच्च तापमान सुमारे 14 अंशांवरून 29 अंशांवर गेलं. 1970 साली हे प्रसिद्ध झालं. भाचा म्हणाला, "म्हणजे मावशी, झाडं तोडली आणि ओढा दुसऱ्याच देशात गेला." मला ते फार आवडलं.

नागपूर मागे पडताना उत्तरेकडे बोट करून त्याला तोतलाडोहची दिशा दाखवली. पेंचच्या त्या जलाशयावर 160 मेगावॅटचं वीजघर आहे आणि नागपूर पिण्याच्या पाण्यासाठी पेंचवर अवलंबून आहे. या खेपेला जमलं नाही.

चौथा दिवस : इटियाडोह

अर्जुनी मोरगावला उतरलं की विदर्भ बदललेला असतो. काळी माती नाही, कापूस नाही. धानाच्या बांध्या, बोड्या म्हणजे शेतांतली लहान तळी, आणि मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोठणगावजवळ गाढवी नदी अडवून इटियाडोहचा जलाशय केलाय. काठावर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले एक वयस्क बाबाजी जाळं सुकवत होते.

"हा तलाव नव्हता तवा इथं डोह होता मने. माझ्या बापानं पाहिला. त्याचंच नाव धरणाले."

त्यांच्या सोसायटीचं पोट कटला, रोहू, मृगळ यांच्या बोटुकल्यांवर, म्हणजे विकत आणून सोडलेल्या बोटभर पिलांवर, चालतं. या माशांना पुराचं वाहतं पाणी लागल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी कटकला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करवलं, म्हणून आज पिशवीतून बीज मिळतं. तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. बाबाजींना इंजेक्शनचं माहीत होतं, कटकचं नव्हतं. ऐकून त्यांना बरं वाटलं. मी विचारलं, बीज न सोडताही कोणते मासे येतात?

"मरळ हाये, कटवा हाये, शिंगाडा हाये, झिंगे हायेत. पन धारेचे मासे नाही इथं. ते तिकडं," त्यांनी गाढवी जलाशयात शिरते त्या बाजूला हात केला, "जिथं पानी आवाज करते तिथं."

जिथं पाणी आवाज करतं तिथं. माझ्या सगळ्या पाठांमध्ये हे वाक्य कुठे नव्हतं. नदीचं सरोवर झालं की पाणी वाढतं, मासळीचं वजनही वाढू शकतं, पण गोट्याला चिकटणाऱ्याला गोटा मिळत नाही, त्यावर गाळ बसतो. प्रवाहाला तोंड देणाऱ्याला प्रवाह नसतो.

बाबाजींच्या डोंग्यातून थोडं आत गेलो. पृष्ठभाग 32, तळाची बाटली 28. खालून सोडलेलं पाणी तेवढं गार निघणार. आपल्या जलाशयात हा फरक सोसण्याजोगा असेल, पण जगात याचे मोठे घाव झालेत. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरणाने 1963 पासून पाणी अडवलं. उन्हाळ्यात 25 अंशांच्या पलीकडे तापणारी नदी धरणाखाली बारा महिने 10 अंशांच्या आसपास राहू लागली, आणि तिथला हम्पबॅक चब नावाचा मासा मुख्य नदीत पिलं वाढवेनासा झाला. गार पाणी म्हणजे चांगलं असंही नाही. त्या माशाला जे पाणी, ज्या महिन्यात लागतं, ते.

परतताना रस्त्याकडेच्या एका बोडीत भाच्याने थर्मामीटर घातला : 37. कमळाची पानं, चिखल, गुडघाभर पाणी. आणि तिथे दोन बायका टोपलीने चिखल चाळत होत्या, टोपलीत मांगूर आणि मरळीची पिलं! हे दोन्ही मासे हवेतला श्वास घेतात, त्यासाठी त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर वेगळा कप्पा असतो. पाण्यातला प्राणवायू संपला तरी ते टिकतात. बोडी ही बोडीच्या माशांची आहे. सिपनेचा गारा इथे तासभर जगला नसता, आणि मांगूरला सिपनेच्या धारेत काही काम नसतं. पण नदीच बोडीसारखी झाली, तर बोडीचेच मासे उरतात. ही भीती मी घेऊन आले होते.

पाचवा दिवस : वडसा, वैनगंगा

वडशाच्या पुलाखाली वैनगंगा उन्हाळ्यात अर्धी रेती, अर्धी नदी. रेतीत डांगरवाड्या, म्हणजे वेलांच्या फळांच्या वाड्या. एक ढिवर आजी झिरा उकरत होत्या. हातभर खड्डा, बाजूंनी पाणी पाझरून जमलं. मोजलं : 27. पलीकडे चार हातांवर वाहत्या नदीचं पाणी 33.

"थंडीत कोमट रायते, उनाळ्यात थंड," आजी म्हणाल्या आणि आधी भाच्याला ओंजळ भरून दिली.

नदी म्हणजे दिसतं तेवढंच पाणी नव्हे. रेतीच्या आतूनही ती चालते, सावकाश, अंधारातून. तिथे निवते आणि पुढे कुठेतरी पात्रात परत येते. त्या जागी मासे येऊन थांबतात. आजींचा नवरा अशाच जागी जाळं लावायचा, हाताने चाचपून.

आम्ही बोलत होतो तोवर पलीकडच्या घाटावर ट्रॅक्टर उतरले. रेती भरणं सुरू झालं. भाच्याने मला अडवलं, "मावशी, पण ते खड्डे पण खोलच झालेत. तेही डोहच की."

मी उत्तर जुळवत होते, आजी आधी बोलल्या. "डोहात मुळा असते, गोटे असते, कपारी असते. वरून धार पडते. खड्ड्यात का असते जी?"

ट्रॅक्टर गेल्यावर आम्ही त्यातला एक खड्डा बघितला. माथ्यावर सावली नाही, बाजूंनी धार नाही, तळाशी बारीक चिकट गाळ. 36 अंश. काही तिलापिया काठाकाठाने फिरत होते. 1952 साली हा आफ्रिकी मासा देशात आणला गेला, आणि जिथे दुसऱ्या कोणाला जमत नाही तिथे तो संसार मांडतो. त्याचा राग करण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी जागा आपण तयार केली.

आजींनी पूर्वीची मासळी मोजून दाखवली : वाम, शिंगाडा, मोठा बालव, बोटभर चिंगळ्यांचे सात-आठ प्रकार. मोजताना त्या बोटांची पेरं धरत होत्या. दुसऱ्या हातावर गेल्या, मग थांबल्या. आता काय मिळतं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, त्यांनीच पहिल्या हाताची तीन पेरं पुन्हा दाखवली.

पाऊस लागला की चढणीचे मासे निघतात, तेव्हा कळेल, असं त्या म्हणाल्या. पहिल्या लाल पाण्याबरोबर मासे मोठ्या नदीतून नाल्यांत, नाल्यांतून बांध्यांत अंडी घालायला चढतात. पण जो उन्हाळ्यात जगला तोच चढणार.

सहावा दिवस : घरी

नागपूर, मग आर्वी, मग गावच्या रस्त्यावर रिक्षा. घरी पिशव्या टाकल्या आणि भाचा म्हणाला, आपला नाला राहिला.

दुपारचे तीन. सरळ केलेला नाला, दोन्ही बाजूंना मातीचे ढीग, त्यावर आता बाभळी आल्यात. मधलं पाणी गुडघ्याच्या खाली. 36 अंश. दोनशे पावलं चाललो, 36, 37, 36. कुठेच फरक नाही. सिपनेत एका हाकेच्या अंतरात नऊ अंश बदलले होते. पाण्यात तिलापिया, आणि पुंटियसचा एक विरळ थवा.

हत्तीडोह होता तिथे काठाचा एक उंबर यंत्राच्या पट्ट्यातून सुटला आहे. त्याची मुळं अजून पाण्यात उतरतात. मुळांखाली, यंत्राला न खोदता आलेला कातळाचा एक तुकडा. भाचा पोटावर झोपला, हात लांब करून थर्मामीटर मुळांच्या आत सरकवला आणि दोन मिनिटं तसाच राहिला.

"29," तो म्हणाला. मग, हळूच : "मावशी, इकडे ये. आवाज नको करू."

मी त्याच्या बाजूला आडवी झाले. आधी फक्त काळोख दिसला. मग मुळाच्या कडेला एक मिशी हलली, मागोमाग पट्टा. एक. जरा आत आणखी एक. भाच्याने वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं : उंबराखाली, दुपारी 3.20, 29 अंश, पट्टेरी, 2. मग पेन्सिल थांबवून विचारलं, "सावली किती वाजता सरकते इथली?"

आम्ही ते बघायला थांबलो.